झाकणाच्या आतली यादी

लोणच्याची ती जाहिरात अजून अधूनमधून लागते. लष्करी वर्दीतला एक देखणा मुलगा घरातून निघालेला आहे. बायको दाराच्या चौकटीला टेकून रडते आहे. पांढऱ्या केसांची आई थरथरत्या हातांनी काचेची बरणी आणते, मुलाच्या उघड्या पेटीत, इस्त्री केलेल्या वर्दीवर ठेवते आणि तीही रडायला लागते. मागे बासरी वाजते. आमच्या घरी ही जाहिरात लागली की मी स्वयंपाकघरातून आणि सासूबाई कॉटवरून एकदमच ओरडतो, "तेल!"

त्या जाहिरातीतली काळी पत्र्याची पेटी आमची आहे. तिच्यावरचं नाव आणि नंबर काळ्या कागदाने झाकलाय, पण उजवीकडची कडी वाकडी आहे आणि ती मी कुठेही ओळखीन. आसामातल्या एका स्टेशनवर हमालाच्या हातून पेटी निसटली, तेव्हाची ती खूण. ही पेटी जाहिरातीत कशी गेली आणि आम्ही दोघी एकदम का ओरडतो, ते लिहायचं आहे. क्रमाने लिहिते. क्रमाशिवाय मला जमत नाही.

नवरा तोफखान्यात होता. नोकरी अठ्ठावीस वर्षांची, त्यातली सव्वीस माझ्या डोळ्यांसमोर झाली. दर दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. काही ठिकाणी कुटुंब नेता यायचं, काही ठिकाणी नाही. नाही तेव्हा मी आणि मुलगी देवळाली कॅम्पला क्वार्टरमध्ये राहायचो. आमच्या चार पेट्या होत्या. पहिली भांड्यांची, दुसरी अंथरुणांची, तिसरीत कागदपत्रं, शाळेचे दाखले आणि देव. चौथी फक्त त्याची. ती त्याच्याबरोबरच जायची, बाकीच्या आमच्याबरोबर.

प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून मी त्या पेटीतल्या सामानाची यादी चिकटवत असे. त्यासाठी कणकेची खळ करायची आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. बदली झाली की नवी यादी जुनीच्या वर. चौथ्या पेटीच्या झाकणावर अशा थरांचा चांगला पुठ्ठा झाला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी यादी मोठ्याने वाचायची, नवरा एकेक वस्तू दाखवून पेटीत ठेवायचा आणि मी शिसपेन्सिलने खूण करायची. खूण झाल्याशिवाय वस्तू गेली असं आम्ही धरत नसू. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. एकदा डोंगरातल्या थंडीत हा माणूस हातमोज्यांशिवाय पोचला, तेव्हापासून सुरू झालं.

पण स्टेशनवर वाचायची हातातल्या सामानाची छोटी यादी मात्र लग्नापासूनची. लग्नानंतर बाविसाव्या दिवशी त्याची रजा संपली. सिन्नरच्या बाजूचं आमचं गाव. तिथून जीप भरून माणसं नाशिकरोड स्टेशनला त्याला पोचवायला आली होती. मी नवी नवरी, हातात हिरवा चुडा, आणि चुड्याच्या हातात चिठ्ठी. गाडी यायला दहा मिनिटं होती. मी वाचायला सुरुवात केली. ओळखपत्र? आहे. रजेचा कागद? आहे. रेल्वेचं वॉरंट? त्याने सगळे खिसे चाचपले. वॉरंट, म्हणजे ज्यावर फौजींना तिकीट मिळतं तो कागद, त्याला वाटलं घरीच राहिला, दुसऱ्या शर्टाच्या खिशात, खुंटीवर. मी ते निघतानाच माझ्या पर्समध्ये घातलं होतं. काढून दिलं आणि पुढचं वाचायला लागले.

सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता गं बया. नवी नवरी आणली का पोलीस?"

माणसं हसली. नवरासुद्धा हसला, ते मी त्याला पुढे दोन वर्षं ऐकवलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पदर तरी लाव डोळ्याला."

मी लावला. डोळा कोरडाच होता. गाडी गेली.

पुढे प्रत्येक निघण्याच्या वेळी सासूबाई तिथे असल्या की एक वाक्य ठरलेलं. जागा बदलायची, साडी बदलायची, वाक्य तेच. "या बारीला तरी रड जरा." मी रडत नसे याचं कारण अगदी साधं आहे. मी काही दगड नाही. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी उभं राहून रडले आहे. पण देवळाली स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात डबा शोधायचा, पेटी चढवायची, पिशवी हातात द्यायची आणि विसरलेलं काय ते आठवायचं. रडायचं कुठे बसवणार?

सिनेमातल्या फौजीच्या बायकोला ही अडचण येत नाही. तिला सामानच नसतं. ती शेतात किंवा गच्चीवर उभी असते, वाऱ्यावर ओढणी उडते, हातात पत्र असतं. तिच्या घरात कधी गॅस संपत नाही. मुलीचा शाळेचा दाखला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मान्य करून घ्यायला ती कधी चार खेटे घालत नाही. आम्ही ज्या बायका क्वार्टरमध्ये राहायचो, त्यांच्यातल्या एकीने रात्रीतून पाण्याच्या मोटरचा वॉशर बदलला होता आणि दुसरीने नवरा हिमालयात असताना एकटीने घर बांधून घेतलं होतं, स्लॅबच्या दिवशी गवंड्यांना तिने स्वतः चहा दिला आणि स्वतःच पातळी तपासली. यातलं कुणी कधी पडद्यावर पाहिलंय का? मी तरी नाही.

अर्थात, मी स्वतः काही वेगळी नव्हते. पंजाबात असताना मी वहीत दोन रकाने आखले होते. डावीकडे 'वाटलं होतं', उजवीकडे 'निघालं'. वरची पंजाबी शेजारीण: वाटलं होतं, सतत नाचणारी, मोठ्याने हसणारी. निघाली, दिवसभरात दहा शब्द बोलणारी गणिताची शिक्षिका. समोरची तमिळ बाई: वाटलं होतं, फक्त इडली. निघाली, माझ्यापेक्षा चांगली भाकरी थापणारी, कारण तिचं लहानपण सोलापुरात गेलं होतं. त्या दोघींनीही माझ्याबद्दल काहीतरी धरलेलं होतंच. पंजाबी शेजारणीने पुढे मोकळेपणाने सांगितलं, की टीव्हीवर मराठी बाई म्हणजे काष्टा नेसून भांडी घासणारी, त्यामुळे मी स्कूटरवरून उतरले तेव्हा तिला क्षणभर कळेचना ही कोण. आम्ही दोघी त्यावर पोट दुखेस्तोवर हसलो.

सासूबाईंसाठी मात्र मी दोन रकाने आखले नव्हते. त्यांच्यासाठी वहीत एक पान होतं, 'आईंसमोर टाळायचे'. फोनवर हसणं, दिवेलागणीला झोपणं, भाजीत साखर, अशी आठ-नऊ कलमं. बदली जवळ आली की त्या गावाहून आमच्याकडे यायच्या आणि रोज संध्याकाळी मालिका बघायच्या, आवाज मोठा करून. मालिकेतल्या सासवा कशा वागतात ते मला दिसायचं आणि मी मनाशी म्हणायची, बरोबर, हेच ते. रकाने आखायची गरजच वाटली नाही.

आता जाहिरातीकडे येते.

नवऱ्याची शेवटची बदली लागली होती, सरहद्दीकडे, कुटुंबाशिवाय. ती झाली की निवृत्ती. म्हणजे पेटी चार शेवटची भरायची होती. त्याच महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या आमच्याकडे कॅम्पला राहायला होत्या. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब; वेळा मी फ्रिजवर लावल्या होत्या. आल्या दिवशीच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "शेवटची बारी हाय. धाकटी जाऊ येणार हाय स्टेशनला. तिच्यासमोर तरी रड."

या वेळी ते मला लागलं. चोवीस वर्षं मी एकटीने घर चालवलं, आणि शेवटी माझा हिशेब व्हायचा तो डोळ्यातल्या पाण्यावर. मी मनात ठरवलं, नाहीच रडणार. आणि यांनी पुन्हा जाऊबाईंसमोर ते वाक्य म्हटलं, तर या वेळी उत्तर देणार. काय उत्तर द्यायचं, तेही वहीत लिहून ठेवलं होतं. कडक होतं.

निघायला पाच दिवस असताना मुंबईहून जाहिरातवाले आले. लाम रोडला एक जुना बंगला त्यांनी भाड्याने घेतला होता, मोठ्या व्हरांड्याचा. ओळखीतून निरोप आला, की मागे उभ्या राहायला पाच-सहा खऱ्या फौजी बायका हव्यात आणि एक खरी पेटी हवी. बायका गमतीने तयार झाल्या. पेटीचं मी बघितलं. नाव-नंबर झाकायचा, आणि पेटी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत, या दोन अटींवर मी चार नंबर रिकामी करून दिली. काढलेल्या सामानाचीही यादी केली.

सकाळी आठला आम्ही पाच जणी आणि सासूबाई रिक्षांनी पोचलो. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी काय करू घरात बसून? मला बी बघू दे टीव्ही कसा करत्यात." त्यांना व्हरांड्याच्या कडेला खुर्ची दिली.

दिग्दर्शक तिशीतला, नम्र मुलगा होता. सगळ्यांना 'मॅम' म्हणायचा. पण त्याच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. आम्हाला त्याने फिकट साड्या नेसायला दिल्या आणि पदर डोक्यावरून. आमच्यातली एक म्हणाली, "आम्ही रोज पंजाबी ड्रेस घालतो." तो म्हणाला, "हो मॅम, पण लोकांना कळायला हवं ना की तुम्ही फौजींच्या बायका आहात."

मग वर्दीतला नट आला. त्याची टोपी चुकीच्या बाजूला कललेली होती. पाचही जणींचे हात एकदम पुढे गेले. एकीने टोपी सरळ केली, एकीने बुटाच्या नाडीचं टोक आत खोचलं. तो बिचारा शहाण्या मुलासारखा उभा राहिला. मग त्याने पेटी उचलून खांद्यावर घेतली, एका हाताने, आणि व्हरांड्यात आणून ठेवली. टण्ण असा आवाज झाला. आम्ही सगळ्या हसलो. भरलेली पेटी दोन माणसं उचलतात आणि ती टेकते तेव्हा जमीन दबल्यासारखा आवाज येतो.

"आवाज नंतर घालतो आम्ही," दिग्दर्शक म्हणाला.

आईचं काम करणारी नटी मुंबईहून यायची होती, पण कसारा घाटात गाड्या अडकल्या होत्या. सकाळचा कोवळा उजेड निघून चालला होता. दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर सासूबाईंवर थांबली. पांढरे केस, मोठं कुंकू, सुरकुत्या. त्याचा चेहरा उजळला.

"आजी, तुम्ही कराल? नुसती तालीम. छान झालं तर तुमचंच घेऊ."

सासूबाई उठल्या. सत्तरी उलटलेली बाई, पण उठताना गुडघ्यावर हात ठेवला नाही. पदर खोचला. एक मुलगी छोटी बाटली घेऊन त्यांच्या डोळ्यात पाणी आणायचं औषध घालायला आली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

"डाक्टरनं सांगितलंय, त्याच्या थेंबाशिवाय डोळ्यात काय बी घालायचं नाय. इचार हिला. हिच्याकडं लिवलेलं हाय."

"बरं, मग खरंच रडा, आजी," दिग्दर्शक समजुतीने म्हणाला. "मुलगा सीमेवर चाललाय. परत कधी येईल माहीत नाही. तुम्ही ही लोणच्याची बरणी पेटीत ठेवायची, त्याच्याकडे बघायचं आणि डोळ्यात पाणी. बस."

मला ते बघवत नव्हतं. मला वाटलं, आता ह्या रडणार. मनासारखं रडणार. आणि मग घरी गेल्यावर मला म्हणणार, बघ, असं असतं.

सासूबाई बरणी घेऊन पेटीपाशी गेल्या. आत एक इस्त्रीची वर्दी, बाकी काही नाही. त्या वाकून बघत राहिल्या. चष्म्यामुळे नीट दिसत नसेल म्हणून हात घालून पेटीचा तळ चाचपला.

"मोकळी हाय ही," त्या म्हणाल्या.

"हो आजी, शॉटमध्ये आतलं दिसणार नाही."

"मोकळी पेटी घेऊन चाललाय?" त्या नटाला म्हणाल्या. "तिथं जाऊन काय पांघरशील?"

नट दिग्दर्शकाकडे बघायला लागला.

"आजी, फक्त बरणी ठेवा."

"कुठं?"

"तिथे. वर्दीवर."

"वर्दीवर?" सासूबाईंनी बरणी छातीशी धरली. "काचेची बरणी, तेलाचं लोणचं, आन खाली इस्त्रीची वर्दी? रेल्वेत दोन धक्के बसले का झाकण ढिलं. तेल वर्दीला. मंग ह्यानं सकाळच्या परेडला काय घालायचं, माझं लुगडं?"

आमच्या पाच जणींपैकी कुणाला तरी हसू फुटलं आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. सासूबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी कॅमेऱ्याशेजारच्या माणसाकडे प्लास्टिकची पिशवी मागितली, दोरा मागितला. झाकणाभोवती पिशवीची घडी घालून त्यांनी तो दोरा तीन वेढ्यांत आवळला, गाठ मारली, बरणी उलटी करून पाहिली. मग ती पेटीत ठेवली नाही. नटाच्या हातात दिली.

"तेलाचं काय बी पेटीत जात नाय. हातातल्या पिशवीत, उभं. लोणचं आन डोक्याचं तेल, दोन्ही. पेटीत तळाला बूट, कागदात गुंडाळून. त्याच्यावर घोंगडी. मंग मच्छरदाणी. मंग गरम बनियन चार, मोजे सहा जोड, हातमोजे दोन. हातमोजे इसरायचे नाय, एकदा इसरला होता. सुईदोरा डबीत, बटनं डबीत. वर्दी सगळ्यात वर, मलमलच्या धोतरात. आन सगळं झाल्यावर खूण करायची. खूण नाय तर वस्तू नाय."

ती माझी यादी होती. शब्द माझे, क्रम माझा. मलमलच्या धोतराचं कलम तर मी मागच्याच बदलीला यादीत घातलं होतं. 'खूण नाही तर वस्तू नाही' हे मी नवऱ्याला रागावून म्हणायची ते वाक्य. ज्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत वाचायची आणि ह्या बाहेर मालिकेचा आवाज मोठा करून बसलेल्या असायच्या, त्या सगळ्या संध्याकाळी ह्या ऐकत होत्या.

"आजी," दिग्दर्शक म्हणाला, "सुंदर आहे हे. पण... आईची भावना कुठे दिसतेय?"

सासूबाईंनी त्याच्याकडे काळ्या चष्म्यातून पाहिलं. "मंग मी आत्ता काय केलं?"

तासाभराने नटी आली. गुणी बाई होती, तिने एका दमात सगळं केलं, बरणीही वर्दीवर ठेवली, आणि तेच टीव्हीवर गेलं. बांधलेली बरणी त्यांनी सोडून घेतली. दोरा दिसला तर लेबल दिसत नाही म्हणे.

परतताना रिक्षात आम्ही दोघीच होतो, मध्ये पायाशी रिकामी पेटी. मी विचारलं, "आई, तुम्हाला एवढं सगळं पाठ आहे?"

"पाठ काय करायचं. चोवीस वर्षं वरडून वाचतीस तू."

"मग मला दर वेळी रड रड का म्हणायचात?"

त्या बाहेर बघत होत्या. "हा पहिल्यांदा भरतीला गेला ना, तव्हा निघायच्या वेळंला त्याच्या सदऱ्याचं बटन तुटलं. मी बसले टाचत. सुई हातात, मोटार बाहेर उभी. बटन लागलं आन हा गेला. रडायचं राहूनच गेलं माझं. तर धाकटी जाऊ वर्षभर गावभर सांगत होती. ही आई हाय का कोण हाय, पोरगं फौजेत गेलं आन हिच्या डोळ्यात टिपूस नाय. लय लागलं होतं मला. तुला कुणी तसं बोलू नाय, म्हणून म्हणत होते. डोळ्याला पदर लावायला काय जातंय?"

मी म्हटलं, "मला वाटायचं तुम्हाला मी आवडत नाही."

"तू मालिका लय बघतीस," सासूबाई म्हणाल्या.

मी तर एकही बघत नाही. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. घरी गेल्यावर मी वहीतलं ते पान काढलं. फाडलं नाही, मी पानं फाडत नाही. मधोमध उभी रेघ मारली आणि उजवा रकाना भरायला घेतला. पहिलंच कलम लिहिलं: सगळं ऐकतात. दुसरं: बटण.

पेटी पुन्हा भरली तेव्हा सासूबाई बाहेर बसल्या नाहीत. टीव्ही बंद करून आत आल्या, कॉटच्या कडेवर बसल्या. मी वाचत गेले, नवरा दाखवत गेला. मोज्यांपाशी त्या म्हणाल्या, "सहा सांगितलेत, पाचच हायेत." खरंच पाच होते. सहावा जोड दोरीवर वाळत होता.

निघायचा दिवस. देवळाली स्टेशन, सकाळची गाडी. सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई गावाहून मुलाच्या गाडीने आल्या होत्या, काठी टेकत. त्यांनी नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चिठ्ठी आणि पेन्सिल. मी वाचत होते. ओळखपत्र? आहे. वॉरंट? आहे. चष्मा, जवळचा? आहे.

"आगं बाई," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आजून तशीच हाय का ही? शेवटची बारी, आन टिपूस नाय डोळ्यात."

मी वाचायची थांबले. उत्तर तयार होतं, वहीत होतं, पाठ होतं. तेवढ्यात सासूबाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. ऑपरेशन झालेला डोळा स्वच्छ होता. त्या म्हणाल्या, आणि चोवीस वर्षांपूर्वी जाऊबाई जेवढ्या मोठ्याने बोलल्या होत्या तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या, "डोळ्यात पाणी आलं तर यादी कोण वाचंल? तू?"

नवरा बुटांकडे बघत हसू दाबत होता. सासूबाई मला म्हणाल्या, "वाच गं तू. गाडी येईल."

मी वाचलं. माझा आवाज जरा बदलला होता हे खरं, पण एकही कलम सुटलं नाही. गाडी आली. डबा आमच्यासमोरून चार पावलं पुढे गेला, आम्ही धावलो. पेटी दोघांनी चढवली, बरणीची पिशवी सासूबाईंनी स्वतः त्याच्या हातात दिली, उभी. त्याने दारातून हात केला. दोन मिनिटं पुरली.

गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर सासूबाईंनी माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि डोळ्याजवळ नेऊन बघितली.

"सगळ्यावर खूण झाली?"

"झाली, आई."

"मंग चल. अकराला गॅसवाला येणार हाय, फ्रिजवर लिवलंय." त्यांनी चष्मा खाली ओढला, जाऊबाईंच्या काठीच्या हाताला आधार दिला आणि पुढे चालायला लागल्या. मी मागून दोन्ही पिशव्या घेतल्या.